भाव बरोबर, डाव चुकला

गेल्या अंकात बेटिंग एक्स्चेंजवरच्या, म्हणजे जिथे लोक एकमेकांविरुद्ध पैजा लावतात अशा बाजारातल्या, ट्रेडिंगबद्दल लिहिलं आणि शेवटी प्रश्न मागवले. आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून जास्त पत्रांत एकच विचारणा आहे: चांगला भाव ओळखायचा कसा? त्याचं उत्तर या वेळी देत नाही. मी अकरा वर्षं टेनिस आणि फुटबॉलचे बाजार खेळले. त्यात माझं भांडवल दोनदा बुडालं, आणि दोन्ही वेळा माझा अंदाज चांगला होता. डाव मोठा होता. म्हणून आज फक्त डावाच्या आकाराबद्दल आलेली पत्रं घेते.

सगळे हिशेब १,००० च्या बँकेवर केले आहेत, चलन तुमचं तुम्ही धरा. बँक म्हणजे फक्त या कामासाठी बाजूला काढलेली रक्कम. भाव दशांशात आहेत: ३.० चा भाव म्हणजे १ लावला तर मूळ धरून ३ परत. ‘होणार’ म्हणणाऱ्याने लावायचं, ‘नाही होणार’ म्हणणाऱ्याने खायचं, म्हणजे समोरच्याचा डाव घ्यायचा: तो हरला तर त्याची रक्कम आपली, जिंकला तर भावाप्रमाणे आपण द्यायचं. एक्स्चेंजच्या पडद्यावर त्यालाच बॅक आणि ले म्हणतात. आणि हे सगळं जिथे असा बाजार कायद्याने चालतो तिथल्यापुरतंच आहे, हे गृहीत धरा.

प्रश्न: मी बरोबरीच्या भावात, म्हणजे २.० ला लावतो. २०० डावांची नोंद ठेवली, त्यात ११० जिंकले, म्हणजे ५५ टक्के. केलीच्या सूत्राने बँकेच्या १० टक्के लावा असं उत्तर येतं. गेले कित्येक महिने तेच करतोय. जिंकलेले डाव हरलेल्यांपेक्षा जास्त आहेत, तरी बँक खाली चालली आहे. सूत्र चुकीचं आहे का?

सूत्र बरोबर आहे. तुम्ही त्यात घातलेला ५५ चा आकडा बहुधा चुकीचा आहे.

जॉन केली हा बेल लॅब्समधला संशोधक. त्याने १९५६ साली हे सूत्र मांडलं. ते सांगतं की प्रत्येक डावाला बँकेचा किती हिस्सा लावला तर बँक दीर्घकाळात सगळ्यांत वेगाने वाढेल. २.० च्या भावात हिशेब अगदी सोपा: जिंकण्याच्या टक्क्यातून हरण्याचा टक्का वजा करा. ५५ उणे ४५, म्हणजे १०. इथपर्यंत तुमचं चुकलेलं नाही.

पण २०० डाव हा फार तोकडा पुरावा आहे. तुमचा खरा टक्का ५२ असता तरी २०० डावांत ११० किंवा जास्त जिंकायची शक्यता पाचात एक आहे. अगदी नाणं फेकून डाव लावणाऱ्या अकरा जणांपैकी एकालाही ११० चा आकडा दिसेल, आणि तोही तुमच्याइतक्याच खात्रीने मला पत्र लिहील. मी तुम्हाला नाणं फेकणारा म्हणत नाही. तुमचा अभ्यास खरा आहे असंच धरते आणि खरा टक्का ५२ मानते. आता १,००० डाव घ्या: ५२० जिंकले, ४८० हरले, क्रम कुठलाही असो.

दर वेळी बँकेच्या २ टक्के लावणाऱ्याचे १,००० चे साधारण १,८२० होतात. ४ टक्के लावणाऱ्याचे २,२२५ च्या आसपास. आणि १० टक्के लावणाऱ्याकडे उरतात ३६४.

हा आकडा मी पहिल्यांदा काढला तेव्हा कॅल्क्युलेटर बिघडलाय असं वाटून पुन्हा केला. तिघांचे डाव तेच, भाव तेच, जिंकलेले सामने तेच. चाळीस डाव जास्त जिंकूनही तिसऱ्याची जवळजवळ दोन तृतीयांश बँक गेली.

का ते कागदावर करून बघा. १,००० मधले १० टक्के हरलात: ९०० उरले. आता ९०० चे १० टक्के जिंकलात: ९९०. एक हरला, एक जिंकला, तरी १० कमी. म्हणजे प्रत्येक हार-जितीच्या जोडीमागे बँकेतून १ टक्का गळतो. तेच २ टक्क्यांच्या डावात करा: ९८०, मग ९९९ आणि ६० शतांश. गळती ०.०४ टक्के. डाव पाचपट केला आणि गळती पंचवीसपट झाली. डावाबरोबर फायदा सरळ वाढतो, गळती मात्र वर्गाने वाढते. कुठेतरी गळती फायद्याला गाठते आणि पुढे निघून जाते. खऱ्या केलीच्या, म्हणजे खरा टक्का घालून सूत्राने येणाऱ्या आकड्याच्या, साधारण दुपटीवर ती गाठ पडते. तुमची खरी केली ४ टक्के आणि तुम्ही लावताय १०. ती रेषा तुम्ही कधीच ओलांडली आहे.

आणि यात कमिशन अजून धरलेलंच नाही. एक्स्चेंज जिंकलेल्या रकमेवर ५ टक्के कापत असेल तर २.० चा भाव तुमच्या हातात १.९५ असतो. मग ५२ टक्केवाल्याची केली ४ वरून दीड टक्क्यावर येते. कमिशन किरकोळ वाटतं, कारण ते जिंकल्यावरच कापलं जातं आणि जिंकल्यावर माणूस बारीक बघत नाही.

वित्त क्षेत्रातल्या व्हिक्टर हगानी आणि रिचर्ड ड्यूई यांनी एक प्रयोग केला होता, तो मला कायम आठवतो. ६१ जणांना प्रत्येकी २५ डॉलर दिले आणि अर्ध्या तासात संगणकावरचं नाणं उडवून पैजा लावायला सांगितलं. नाणं ६० टक्के वेळा छापाच्या बाजूने पडतं, हे आधीच सांगितलेलं. ही मंडळी अर्थशास्त्र-वित्त शिकणारी किंवा त्याच क्षेत्रात कामाला असलेली. म्हणजे अंदाजाचा प्रश्नच उरला नव्हता, फक्त डाव किती हे ठरवायचं होतं. तरी २८ टक्के लोक कफल्लक झाले. काहींनी सगळी रक्कम एका फेकीवर लावली. मनुष्यस्वभाव असा आहे हे मान्य करूनच आपला नियम ठरवावा लागतो.

तुम्हाला माझं सांगणं: सूत्राने जो आकडा येईल त्याचा चौथा हिस्सा लावा, आणि तोही २ टक्क्यांवर कधीच नेऊ नका. हिशेब सांगतो की पूर्ण केलीने, म्हणजे सूत्राचा सगळा आकडा लावून, खेळणाऱ्याची बँक कधी ना कधी सुरुवातीच्या निम्म्यावर येण्याची शक्यता साधारण निम्मी असते. अर्ध्या केलीने ती आठात एक होते आणि वाढीचा वेग तीन चतुर्थांश टिकतो. हा सौदा मला फारच चांगला वाटतो. चौथा हिस्सा सुचवते, कारण आपल्याला आपला खरा टक्का कधीच नेमका कळत नाही, आणि चूक बहुतेक वेळा स्वतःच्याच बाजूने झालेली असते.

प्रश्न: मी निकालापर्यंत थांबत नाही, ट्रेड करतो. फुटबॉलमध्ये सामना चालू असताना ३.० ला लावतो, भाव ३.२ झाला की तोटा घेऊन बाहेर. तोटा १ टक्का बसावा म्हणून १६० लावतो. गेल्या आठवड्यात समोरच्या संघाने गोल केला आणि १ ऐवजी ८ टक्के गेले. स्टॉप-लॉस, म्हणजे ठरलेल्या तोट्याला बाहेर पडायची सूचना, बॉटवर (आपोआप ऑर्डर टाकणाऱ्या प्रोग्रामवर) टाकला तर हे टळेल का?

नाही टळणार. तुमचं गणित मात्र नेटकं आहे, ३.० ला लावलेले १६० जर ३.२ ला सोडवले, म्हणजे त्याच निकालावर १५० खाऊन मोकळे झालात, तर बरोबर १० जातात. अडचण अशी की ३.२ हा भाव त्या दिवशी आलाच नाही.

गोल झाला की बाजार थांबवतात. सगळ्या न जुळलेल्या ऑर्डरी रद्द होतात. पुन्हा उघडतो तेव्हा भाव ३.० वरून थेट ६.० वर असतो, मधले भाव कुणीच पाहिलेले नसतात. ६.० ला सोडवायला तुम्ही ८० खाल्ले, आणि जिंको वा हरो, ८० गेले. बॉट याहून काय वेगळं करणार? जिना उतरायला पायऱ्या लागतात. इथे पायऱ्याच नव्हत्या. शिवाय चालू सामन्यात प्रत्येक ऑर्डर काही सेकंद मुद्दाम अडवून ठेवतात, ती वेगळीच.

माझी पहिली बँक अशाच डावांत गेली, आणि ते फुटबॉलमध्ये नाही, टेनिसमध्ये, जिथे गोल नसतो म्हणून मी निर्धास्त होते.

पहिला सेट बाजाराच्या आवडत्या खेळाडूने आरामात घेतलेला. दुसऱ्या सेटमध्ये तिचा भाव १.२०. मी ४०० लावले, बँकेच्या ४० टक्के. बेत असा की दोन टिक (टिक म्हणजे भावाची लहानात लहान पायरी), १.१८ ला सोडवायचं आणि पुढचा सामना बघायचा. उलटं गेलंच तर १.२४ ला बाहेर. १.२४ चा तोटा काढून ठेवला होता: १३ पेक्षाही कमी. वहीत लिहिलंसुद्धा, ‘जोखीम १३’. ती ओळ अजून माझ्याकडे आहे.

तिसऱ्या गेममध्ये ती एका बाजूच्या चेंडूमागे धावली, पडली आणि उठताना पाय टेकवेना. माझ्या पडद्यावरच्या चित्रात हे मला दिसलं तेव्हा बाजाराला आधीच कळलं होतं. लॅडरवर, म्हणजे पडद्यावरच्या भावांच्या शिडीवर, १.२१, १.२२ पाशी उभे असलेले मोठमोठे आकडे एकदम पुसले गेले, फळ्यावरून हात फिरवावा तसे. मी १.२४ ला खायची ऑर्डर टाकली. ती तशीच पडून राहिली. माझ्या १.२४ ला लावायला कोण येणार? त्याच क्षणी १.६० मिळत होता. ऑर्डर मागे घेतली, १.६० ला टाकली, भाव २.१०. वैद्यकीय मदत कोर्टवर आली तोवर ३.०. त्या भावाला सोडवलं असतं तर २४० गेले असते. १३ मनाशी धरून आत शिरलेल्या माणसाला २४० द्यायला हात उचलत नाही. पट्टी बांधून ती परत उभी राहिली आणि मीही थांबले. दोन गेमनंतर तिने सामना सोडला. त्या एक्स्चेंजचा नियम होता की एक सेट पुरा झाला असेल तर डाव वैध. ४०० च्या ४०० गेले.

त्या रात्री मी स्वतःला दोष दिला तो शिस्तीचा: वेळेवर बाहेर पडले नाही. पुष्कळ वर्षं तसंच समजत होते. आता वाटतं, शिस्तीची चूक दुसरी होती, पहिली नव्हे. ४०० लावले त्याच क्षणी चूक होऊन गेली होती. इतका मोठा डाव असताना शांत डोक्याने २४० देऊन बाहेर पडणारं माणूस मी पाहिलेलं नाही.

तेव्हापासून प्रत्येक ट्रेडच्या आधी दोन आकडे लिहिते. पहिला, ठरल्याप्रमाणे बाहेर पडता आलं तर किती जाईल. दुसरा, बाहेर पडताच आलं नाही तर किती जाईल. पहिला १ टक्क्याच्या आत हवा, दुसरा ५ टक्क्यांच्या. यातला जो कडक निघेल त्याने डाव ठरतो. तुमच्या फुटबॉलमध्ये दुसराच कडक निघणार, कारण चालू सामन्यात अडकलेला डाव पूर्णच गेला असं धरावं लागतं. म्हणजे १६० नाही, ५०. मग ३.२ ला बाहेर पडलात तर जेमतेम ३ जातील आणि गोल झाला तर २५. नफाही तसाच बारीक दिसेल, त्याला इलाज नाही. सामना सुरू व्हायच्या आधीच्या बाजारात भाव बहुतेक वेळ पायरीपायरीने सरकतो, तिथे थोडा मोठा डाव मी समजू शकते. पण शिट्टी वाजायच्या आत तो मोकळा झालाच पाहिजे. ‘आता राहू दे, सामन्यात बघू’ म्हणून पुढे नेलेला ट्रेड हा ट्रेड राहत नाही.

प्रश्न: मी ज्यांना कुणी विचारत नाही असे घोडे ३० च्या आसपासच्या भावाला खातो. दर वेळी फक्त १० चा डाव. आतापर्यंत ४० पैकी ४० वेळा जिंकलो. बँकेच्या १ टक्का म्हणजे सुरक्षितच ना?

तुमचा डाव १० चा नाही, २९० चा आहे. खाणाऱ्याचा डाव म्हणजे त्याला द्यावी लागणारी रक्कम. ३० च्या भावाला १० खाल्ले म्हणजे घोडा आला तर २९० तुमच्या खिशातून. एक्स्चेंज तेवढी रक्कम अडकवून ठेवतं, खात्यात बघा, दिसेल. तुम्ही बँकेच्या २९ टक्के लावून ४० वेळा वाचला आहात.

४० पैकी ४० चंही सांगते, म्हणजे त्यावर विसंबणार नाही. भाव अगदी चोख असेल, म्हणजे घोडा तीसात एकदा येत असेल, तरी ४० वेळा एकदाही न येण्याची शक्यता चारात एक आहे. तुमच्यासारखे चार जण असले की सरासरी एकाची पाटी कोरी राहते. या धंद्याची गोडी अशी की रोज थोडं थोडं येत राहतं, पगारासारखं, आणि एका दुपारी एकोणतीस दिवसांचं एकदम जातं. ही खायची पद्धत वाईट नाही; काही जण तिच्यावरच जगतात. पण त्यांचा डाव लायबिलिटीवर, म्हणजे द्याव्या लागणाऱ्या रकमेवर, ठरतो. लायबिलिटी बँकेच्या २ टक्के धरलीत तर तुमची देणं द्यायची मर्यादा २०, म्हणजे ३० च्या भावाला साधारण ७० शतांश. एक्स्चेंज इतका छोटा डाव घेत नसेल तर तुमच्या बँकेला हा बाजार परवडत नाही, इतकाच त्याचा अर्थ.

लायबिलिटी किती बेफाम होऊ शकते याचं टोकाचं उदाहरण डिसेंबर २०११ मधलं आहे. आयर्लंडमध्ये लेपर्ड्सटाऊनला अडथळ्यांची शर्यत होती. व्होलेर ला व्हेदेत नावाची घोडी जिंकत चालली होती आणि बेटफेअर या एक्स्चेंजवर कुणीतरी तिला २९.० ला खायला उभं होतं. त्यामागे माणूस नव्हता, प्रोग्राम होता. खात्यात हजार पौंडही नव्हते, आणि यंत्रणेतल्या दोषामुळे देणं दिसत होतं ६० कोटी पौंडांच्या घरात. शेवटी ते डाव रद्द झाले. तुमचा हिशेब यंत्रणा सांभाळेल यावर कधी राहू नका, तो आपल्या वहीत आधी मांडलेला असावा.

प्रश्न: हरल्यावर डाव दुप्पट केला की कधीतरी जिंकल्यावर सगळं वसूल होतं. १० पासून सुरुवात केली तर बँक पुरेल ना?

सहा हारींपर्यंत. १०, २०, ४०, ८०, १६०, ३२० मिळून ६३० गेले, उरले ३७०, आणि सातवा डाव हवा ६४० चा. वसुली करायची वेळ येते तेव्हाच पैसे नसतात. आणि २.० च्या भावात इतकं करून जिंकलात तरी हातात काय येतं, तर पहिले १०.

हारींची रांग किती लांब लागते याचा लोकांना अंदाज नसतो. ३.० च्या भावाला लावणारा माणूस तीनात दोनदा हरतो. त्याने ३०० डाव खेळले तर सलग ११ हारी कुठेतरी लागणं ही अगदी सर्वसाधारण गोष्ट आहे, अपशकुन नाही. २ टक्के लावणाऱ्याची बँक त्या रांगेनंतर ८०० असते. १० टक्के लावणाऱ्याची ३१४. आणि ३१४ चे पुन्हा १,००० करायला त्याला तिप्पट व्हावं लागतं. दुप्पट करणारा सहाव्याच हारीनंतर उठून गेलेला असतो.

प्रश्न: एकाच सामन्यात यजमान जिंकणार, अडीचपेक्षा जास्त गोल होणार, आणि त्यांचा स्ट्रायकर गोल करणार, असे तीन डाव प्रत्येकी २ टक्क्यांचे लावले. जोखीम वाटली गेली ना?

नाही. यजमानांनी गोलच केला नाही तर तिन्ही बहुधा एकदम जातील. तो ६ टक्क्यांचा एकच डाव आहे, तीन पावत्यांवर लिहिलेला. २ टक्के तिघांत मिळून वाटा. हाच नियम एका स्पर्धेवर लावलेल्या लांबच्या डावांनाही, तिथे तर लोक महिनाभर बेरीजच करत नाहीत.

प्रश्न: माझा धाकटा भाऊ वर्षभर हे ट्रेडिंग करतो आहे. नोकरी सोडायच्या गोष्टी करतो. बँक मोठी असली की जोखीम कमी, असं सांगून त्याने कर्ज काढलं. तुमच्या गेल्या लेखाचा दाखला देतो. मला यातलं काही कळत नाही, पण रात्री त्याच्या खोलीतला दिवा बंद होत नाही. मी त्याला काय विचारू?

ताई, माझ्या लेखाचा असा दाखला दिला जातोय हे वाचून वाईट वाटलं. तेव्हा हे स्वच्छ लिहायला हवं होतं, आता लिहिते. कर्जाची रक्कम बँक होऊ शकत नाही. बँक म्हणजे जी पूर्ण गेली तरी घरातलं काही हलणार नाही ती रक्कम. डावाचा आकार बँकेच्या टक्क्यांत काढतात. बँकच उसनी असेल तर वरचा एकही हिशेब लागू होत नाही.

त्यामागचं कारण त्याला समजेल अशा भाषेत सांगते. पहिल्या उत्तरातल्या माणसाला खरोखर ५२ टक्के जमतात असं धरलं तरी त्याचा फायदा शेकडो डावांनंतर दिसायला लागतो. मधे महिने तोट्यात जातात, आणि ते कुठले महिने ते आधी कळत नाही. हप्त्याची तारीख मात्र दर महिन्याला ठरलेली. हप्ता आला की बँक कमी होते, डाव कमी करायला हवा; पण हप्ता भरायचा म्हणून डाव वाढवला जातो. माझी दुसरी बँक अशीच गेली. कर्ज नव्हतं माझ्यावर, पण घरभाडं त्याच पैशातून द्यायचं ठरवलं होतं, आणि महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातले माझे डाव पहिल्या आठवड्यातल्यांच्या तिप्पट असायचे. हे मला तेव्हा दिसलं नव्हतं. वर्षभराने वहीत तारखा लावल्या तेव्हा दिसलं.

म्हणून त्याला ‘किती जिंकलास’ हे विचारू नका. त्याचं उत्तर तो देईल आणि ते त्याला स्वतःला खरंही वाटत असेल. वही मागा. वहीत प्रत्येक डावाची तारीख, भाव, रक्कम, बँकेच्या किती टक्के ते, आणि सामना सुरू होताना तोच भाव कुठे होता, इतकं हवं. त्याने लावलेले भाव सुरुवातीच्या भावापेक्षा नेहमी चढे असतील, तर त्याच्या अभ्यासात काहीतरी दम आहे. मग फक्त डाव आणि कर्ज यांचा प्रश्न उरतो, कर्ज फेडून उरेल त्यात १ टक्क्याने खेळावं. रकमेच्या रकान्यात हारीनंतर आकडे मोठे होत गेलेले दिसले, तर ते ट्रेडिंग नाही, गेलेल्या पैशाच्या मागे धावणं आहे. हे ओळखायला बाजार कळावा लागत नाही, रकाना वरून खाली वाचला की पुरे.

त्याने वही दाखवायला नकार दिला, रक्कम लपवली, किंवा अजून कुणाकडून पैसे घेतल्याचं कळलं, तर वाट बघू नका. परवानाधारक एक्स्चेंजवर पैसे भरायची मर्यादा घालता येते, आणि ठरावीक काळासाठी स्वतःचं खातं स्वतः बंद करून घेता येतं. तो फॉर्म त्याच्यासोबत बसून भरा, त्याच्या माघारी नको. जुगाराच्या सवयीवर काम करणारे समुपदेशक आणि मदतगट असतात. गॅम्बलर्स अॅनॉनिमस १९५७ मध्ये लॉस एंजेलिसला सुरू झालं आणि आज कितीतरी देशांत त्यांच्या बैठका होतात. घरच्यांसाठी वेगळे गटही आहेत. तुम्ही स्वतः आधी जाऊन आलात तरी चालेल. कर्ज मात्र तुम्ही परस्पर फेडू नका. फेडलंत तर त्याच्या हिशेबात ती बँकेत पडलेली नवी भर होईल.

दिव्याबद्दल लिहिलंत म्हणून सांगते. मीही रात्री जागायचे, दुसऱ्या टोकाच्या देशातल्या सामन्यांसाठी. त्या रात्रींच्या नोंदी वेगळ्या काढल्या तेव्हा मध्यरात्रीनंतरचा एकही महिना नफ्यात नव्हता. त्याच्या नोंदींत वेळेचा रकाना असेल तर तोही बघा. आणि बघून झालं की मला लिहा, वही नसली तरी.